भावाचा कुत्रा

२ मार्च

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक वही करा. कुत्रा रोज काय खातो, किती खातो, शी घट्ट की पातळ, सगळं लिहून ठेवा. म्हणून लॅबमधली एक कोरी वही उचलून आणली. आम्ही कवळ्या बनवतो. साच्यावर एकेक दात लावायचं काम माझ्याकडे. सव्वीस वर्षं झाली.

कुत्रा माझा नाही, धाकट्या भावाचा आहे. धाकटा लिफ्ट दुरुस्त करतो. तीन आठवड्यांपूर्वी एका इमारतीच्या वरच्या मशीनच्या खोलीत काम करता करता पडला. मेंदूत रक्ताची गाठ. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. तेव्हापासून कुत्रा त्याच्या कामावरच्या जोडीदाराकडे होता. काल त्यानं कुत्रा, पट्टा, त्याच्या खाण्याच्या दाण्यांची अर्धी पिशवी आणि एक लोखंडी फणी माझ्या दारात आणून ठेवली. म्हणाला, "ताई, आमच्याकडे तान्हं बाळ आहे. आणि हा कुणाच्या बापाचं ऐकत नाही."

नाव तांब्या. रंगावरून ठेवलं असणार. कोल्ह्यासारखं तोंड, ताठ कान, शेपटी पाठीवर दोराच्या वेटोळ्यासारखी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शिबा जातीचा आहे, ही जात स्वतःच्या मनाची असते. मी म्हटलं, असू दे, मला फक्त भाऊ बरा होईपर्यंत सांभाळायचाय.

खाल्लं: काही नाही.

३ मार्च

खाल्लं: नाही. पाणी प्यायला, पण मी स्वयंपाकघरातून बाहेर गेल्यावर. शी: नाही.

५ मार्च

चार घास खाल्ले. तेही मी भांडं ठेवून, दार ओढून, बाहेर उभी राहिल्यावर. माझ्याच स्वयंपाकघराच्या दाराबाहेर मी उभी.

नखं वाढलीत म्हणून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पंजा नुसता हातात धरला, कातरी लावलीही नव्हती. असा काही किंचाळला की बाहेर बसलेली माणसं उठून उभी राहिली. माणसाचा गळा आवळल्यासारखा आवाज. एका बाईनं तिची मांजर उचलली आणि चालती झाली. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "दुखत नाहीये त्याला. अपमान झालाय."

अपमान! मी दिवसभर उभी राहून बत्तीस दात लावून आले होते. माझ्या पायांना कुणी विचारलं नाही.

भीक नको पण कुत्रा आवर असं म्हणतात. मी तर कुणाकडे भीक मागायलाही गेले नव्हते.

९ मार्च

आज सुट्टी. धाकट्याला भेटून आले. दोन बस बदलाव्या लागतात. त्याला आता मोठ्या वॉर्डातून शेजारच्या इमारतीत हलवलंय. तिथे चालायला आणि बोलायला शिकवतात. बोलायला शिकवणारी मुलगी हुशार आहे, जरा मोठ्यानं बोलते. ती म्हणाली, शब्द आत आहेत, वाट सापडत नाहीये.

त्याला एक शब्द मात्र सापडलाय. मी खुर्चीवर बसले तसा माझ्याकडे बघून म्हणाला, "खाल्लं?"

मी म्हटलं, खाल्लं रे. पहिले तीन दिवस नाही खाल्लं, आता खातोय, दीड वाटी. काळजी करू नकोस.

त्यानं मान हलवली. परत, "खाल्लं?" मी परत सगळं सांगितलं. कुत्र्याचं केवढं वेड माणसाला! सख्ख्या बहिणीला सहा महिन्यांत फोन नाही, आणि पहिला शब्द कुत्र्याच्या खाण्याचा.

निघताना तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता. तोंडाची उजवी कड खाली ओघळलीय. मी रुमालानं पुसली.

१७ मार्च

खाल्लं: दीड वाटी. शी: ठीक. (डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता रोज लिहायची गरज नाही. पण वही समोर दिसते आणि हात जातो.)

सकाळी साडेपाचला फिरवायचं, सहा-पन्नासची बस, लॅब. साडेचारला सुटका, परत फिरवायचं. कुठे वळायचं ते तो ठरवतो. मला डावीकडे जायचं असलं की भर फुटपाथवर चारही पाय रोवतो. पट्टा ओढला की गळ्याचं कातडं गालांवर चढतं, डोळे बारीक होतात, तोंड भाकरीसारखं फुगतं, पण हलत नाही. लोक हसतात. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "कोण कुणाला फिरवतंय?" मला हसू आलं नाही.

डबक्यातून चालत नाही. वळसा घालतो. भुंकत नाही. मांजरासारखा स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतो. मी हात पुढे केला की मान बरोबर तेवढीच मागे घेतो, जेवढा माझा हात पुढे आला असेल. घरी मी खुर्चीत बसले की तो समोरच्या भिंतीशी, माझ्याकडे पाठ करून बसतो. धाकट्याकडे नक्की असा नसणार. तिथे मांडीवर बसत असेल, दारात स्वागत करत असेल. इथे मी म्हणजे वेटिंग रूममधली बाई.

लॅबमधल्या माझ्या शेजारणीला आम्ही मेणवाली म्हणतो, कारण तिच्याकडे मेणाचं काम. ती म्हणाली, "अगं, जीव लाव, तोही लावेल." मी म्हटलं, माझ्याकडचा जीव संपलाय. आईचं अकरा वर्षं केलं. अंथरूण, औषधं, रात्रीच्या हाका, सगळं. तेव्हा धाकटा कुठे होता? कुठल्या तरी लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला. महिन्याला एकदा यायचा, दारातूनच 'कशी आहे' विचारायचा, बूटही काढायचा नाही. आई गेल्यावर मी ठरवलं होतं, आता ह्या घरात कुणाचं पातेलं चढणार नाही, माझ्या एकटीचं सोडून.

आणि आता दीड वाटी.

२६ मार्च

केस. हे कुणी सांगितलं नव्हतं.

वर्षातून दोनदा ह्या जातीचा आतला लोकरीसारखा थर गळतो म्हणे. गळतो म्हणजे काय, तर आज लोखंडी फणी फिरवली आणि उशीचा अभ्रा गच्च भरला. तरी कुत्रा होता तेवढाच. चहात केस, अंथरुणात केस, चष्म्याच्या काडीत केस. काल जिभेवरचा केस काढायला पाच मिनिटं आरशासमोर उभी होते.

फणी त्याला चालते, पण त्याच्या अटींवर. मानेपासून कमरेपर्यंत. कमरेच्या मागे गेली की ती किंकाळी. मग खालच्या मजल्यावरच्या बाई छताला काठी ठोकतात.

फार थकवा. बारीकसा ताप असल्यासारखं वाटतं, पण थर्मामीटर म्हणतो नाही.

२ एप्रिल

आज नोकरीतली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट झाली.

मालकांनी आत बोलावलं. टेबलावर वरच्या जबड्याची कवळी. माझीच, परवा पाठवलेली. दंतवैद्यानं परत पाठवली होती. "भिंगातून बघा," म्हणाले. गुलाबी हिरडीत, समोरच्या दोन दातांच्या वर, अगदी रुबाबात, एक तांबूस केस. साचा भरताना आत गेला आणि तसाच शिजून पक्का झाला. पिवळ्या राळेच्या खड्यात अडकलेल्या कीटकासारखा.

"माणसाच्या तोंडात जाणारी वस्तू आहे ही," मालक म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू बोलले.

सव्वीस वर्षांत माझं एक काम परत आलं नव्हतं.

नवी कवळी करून द्यायला साडेसातपर्यंत थांबले. घरी आले तर त्यानं घाण केली नव्हती. दाराशी उभा होता, तोंड दाराकडे. तेरा तास धरून ठेवली असणार. पट्टा लावला तेव्हा पहिल्यांदाच मान मागे घेतली नाही. घाई असेल.

पुसायचं काही नव्हतं तरी मी जिन्यात बसून थोडी रडले. कवळीसाठी.

१० एप्रिल

धाकट्याची भाड्याची खोली रिकामी केली. घरमालकांना दुसरा भाडेकरू मिळालाय आणि डॉक्टर म्हणतात तो जिने चढणार नाही. एक ताट, एक पेला, एक खुर्ची. बघून मला हसूच आलं, माझ्याकडे याहून काय वेगळं आहे! मेणवाली तिच्या नवऱ्याची गाडी घेऊन आली म्हणून निभावलं. हत्यारांच्या दोन पेट्या इतक्या जड की दोघींनी मिळून माझ्या जिन्यावर एकेक पायरी चढवल्या.

दुसरी पेटी आत घेताना दार लावायचं राहिलं.

तांब्या माझ्या पायांजवळून गेला. धावत नाही, चालत. जिना उतरला, खालच्या दारातून बाहेर पडला आणि रस्ता ओलांडला. मी हाक मारली. त्यानं कान मागे केला, म्हणजे ऐकलं, आणि मग धावला.

आठ वाजेपर्यंत शोधलं. नाही.

११ एप्रिल

नाही. लॅबला गेले नाही. हे सव्वीस वर्षांतलं दुसरं. पहिलं आईच्या वेळचं.

खांबांवर कागद चिकटवले. नावानं हाक मारून येणार नाही, असं खाली लिहिलं. मेणवाली म्हणाली, "असं कोण लिहितं?" खरं तेच लिहिलं.

१२ एप्रिल

नाही. टाचेला फोड आलाय.

भेटीचा दिवस होता. जाऊ नये असं वाटत होतं, पण न जाणं म्हणजे सांगणंच. गेले. बसले. त्यानं विचारलं, "खाल्लं?"

म्हटलं, "हो. दीड वाटी. मजेत आहे." खोटं बोलताना मी खिडकीबाहेर बघते, लहानपणापासून.

त्यानं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. "नाही," म्हणाला. हा नवा शब्द. "नाही. खाल्लं?" आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मला वाटलं, ह्याला कळलं. मग त्यानं आपल्या ट्रेमधला बिस्किटांचा पुडा डाव्या हातानं सरकवत सरकवत माझ्यासमोर आणला. ट्रेवरून खाली पडला, मी उचलला. परत माझ्याकडे बोट.

मी म्हटलं, "बरं बरं, देते हो तांब्याला," आणि पर्समध्ये टाकला.

त्यानं डोळे मिटून घेतले. बोलायला शिकवणारी मुलगी दारात होती. ती जरा हळू म्हणाली, "काकू, तुम्ही नीट झोपता ना?" मी म्हटलं, आमच्याकडे झोपेची पद्धत नाही.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "दिसला तर हाक मारू नका, मागे धावू नका, डोळ्यांत बघू नका. पाठ करा, खाली बसा आणि काहीतरी खात राहा. स्वतः खा. तुम्हाला त्याची गरज नाही असं दाखवा."

"आणि नाही आला तर?"

"तर बसून राहा."

१३ एप्रिल

सापडला. आधी ते लिहिते.

बस डेपोच्या रखवालदारानं फोन केला. डेपोच्या मागे पडीक जागा आहे, गुडघाभर गवत, जुने टायर. सकाळी दहाला पोचले. तिसऱ्या टायरवर उभा होता. अंगाला कुसळं, पोट आत गेलेलं, पण शेपटी वेटोळं घातलेलीच. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं, हे ज्यानं म्हटलं त्यानं ह्याचंच बघितलं असणार. माझ्याकडे बघितलं. ओळखलं. आणि दुसऱ्या बाजूला चालू लागला.

ओरडावंसं वाटलं. तोंडापर्यंत आलं होतं, ये रे मेल्या, माझे पाय गेले. गिळलं. पाठ केली आणि गवतात बसले. बसले म्हणजे कोसळलेच.

खायचं काय? पर्समध्ये धाकट्याचा पुडा होता. फोडला. एक खाल्लं, मग दुसरं. मग लक्षात आलं की काल सकाळच्या चहानंतर मी काही खाल्लंच नाही. पुडा संपवला. शेवटचे चुरे तळहातावर घेऊन खाल्ले. असं मी कुणासमोर कधी केलं नसतं.

ऊन पाठीवर येत होतं. डेपोतून गाड्या बाहेर काढायचे आवाज येत होते. मागे वळून बघायचं नाही, एवढंच काम. सोपं काम. कुणी हाक मारणार नव्हतं, कुणाला काही द्यायचं नव्हतं. आणि मी, भर सकाळी, पडीक जागेत, गवतात, बसल्या बसल्या झोपले.

जाग आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. कूस दुखत होती, मी आडवी झाले होते. माझ्या पायांपासून दोन हातांवर तो बसलेला. माझ्याकडे पाठ करून. कान डेपोच्या फाटकाकडे, राखण करायला ठेवल्यासारखे. किती वेळ बसला होता कोण जाणे.

मी बसल्या बसल्या सरकत सरकत गेले आणि पट्टा लावला. त्यानं लावू दिला. मग उठून अंग झाडलं आणि घराच्या दिशेनं चालू लागला, जणू उशीर मीच केला होता.

खाल्लं: अडीच वाट्या. माझ्या समोर.

२० एप्रिल

धाकट्याला आता चार-पाच शब्द येतात. ते जोडायला शिकवताहेत. आज मी गेले तर घाम येईपर्यंत झटून तो म्हणाला, "आई... तू... एकटी."

मी म्हटलं, आई एकटी कुठे होती रे, मी होते ना अकरा वर्षं.

त्यानं मान जोरजोरात हलवली. पुन्हा, "तू. एकटी." मग "मी," आणि पुढे शब्द येईना. डावी मूठ गादीवर आपटली. डोळ्यांतून पाणी. मुलगी म्हणते, ह्या आजारात रडू लवकर येतं, मनावर घेऊ नका.

त्याला आईची फार आठवण येते बहुतेक. पुढच्या वेळी फोटो नेते.

४ मे

आज मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं होतं. महिन्याअखेर सोडणार. काठी घेऊन दहा-बारा पावलं टाकतो, पण आंघोळ, कपडे, औषधं, सगळ्याला माणूस लागेल. "घरी कोण आहे?" त्यांनी विचारलं आणि कागदावर पेन टेकवून माझ्याकडे बघत बसले. 'बहीण' लिहायला तयार.

मी म्हटलं, सांगते.

इथे तरी खरं लिहावं. मला तो घरी नको आहे. लिहून टाकलं. तो वाईट नाही. मला त्याचा राग होता, तोही झिजून झिजून आता एवढासाच राहिलाय. पण मला परत ते अंथरूण नको, तो वास नको, हाकेसरशी उठणं नको. मी छप्पन्न वर्षांची आहे. गुडघे बोलतात. उद्या तो आला तर मी सगळं करेन, नीट करेन, आणि एक दिवस त्याचा तिरस्कार करेन. आईचा करायला लागले होते. शेवटची दोन वर्षं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

वाचणारं कोणी नाही. तांब्याला वाचता येत नाही, आणि आलं असतं तरी त्यानं तोंड फिरवलं असतं.

६ मे

दोन दिवस शब्द जुळवले. 'घरी चल' असंच सांगणार होते. माझ्याच्यानं दुसरं काही बोलवलं नसतं.

गेले तर त्यानंच कागद पुढे केला. शहराच्या कडेला एक केंद्र आहे, अशा माणसांना ठेवून घेतात, व्यायाम करून घेतात, बाग आहे. त्यानं त्या मुलीकडून फॉर्म भरून घेतला होता आणि डाव्या हातानं सही केली होती. पहिलीतल्या पोरासारखी सही.

"अरे, मला विचारलं तरी असतंस," मी म्हटलं.

तो म्हणाला, "नको. ताई. पुरे."

पुरे म्हणजे काय? मी भेटायला येते ते पुरे? मुलगी काहीतरी सांगायला लागली, मी म्हटलं असू दे, बस चुकेल.

त्याला माझ्याकडे राहायचंच नव्हतं तर. बरंच झालं. मला हेच हवं होतं. मग बसमध्ये सगळा वेळ मला इतकं कसंनुसं का वाटत होतं, कळत नाही. उतरायचा थांबाही पुढे गेला.

१५ मे

केंद्रात कुत्रे ठेवत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी एक गृहस्थ पाठवले. गाडी चालवायला शिकवायचे, आता निवृत्त. घरामागे मोठं अंगण, बायकोलाही कुत्र्यांची आवड. माणूस सज्जन. बूट काढून आत आले, तांब्याला हात लावायला गेले नाहीत, नुसते खाली बसले. तांब्यानं त्यांची बोटं हुंगली. माझी हुंगायला त्यानं महिना घेतला होता.

"हाक मारल्यावर येतो का?"

"नाही."

"हरकत नाही. पोरांना गिअर शिकवण्यात जन्म गेला माझा. मला घाई नसते."

"केस फार गळतात."

"गळू देत की. माझे सगळे गळून झाले." टक्कल दाखवून हसले.

मग मी म्हटलं, "चावतो."

ते थांबले. "चावला आहे कुणाला?"

"दोनदा," मी म्हटलं. खिडकीबाहेर बघत.

ते गेल्यावर तांब्या भिंतीशी जाऊन बसला. तो कुणालाही चावलेला नाही. चावायला जवळ यावं लागतं. मी असं का म्हटलं कोण जाणे. स्वयंपाकाला उशीर होत होता आणि ते उठायचं नाव घेत नव्हते, म्हणून असेल.

२८ मे

धाकट्याला केंद्रात पोचवलं. खोली स्वच्छ, खिडकीतून झाड दिसतं. माझ्याकडून काही राहिलं नाही ना, असं दोनदा बघितलं. घरी येऊन सलग दहा तास झोपले. उठले तर तांब्या खाटेच्या पायथ्याशी, जमिनीवर. रात्रभर तिथेच होता की सकाळी आला, माहीत नाही.

१४ जून

केंद्रवाले म्हणाले, कुत्रा आत नको, पण बागेत आणा. म्हणून आज नेलं.

दोन दिवस तयारी केली. कमरेपर्यंत विंचरलं. बसमध्ये घेईनात, म्हणून मेणवालीनं गाडीतून सोडलं. चार महिन्यांनी मालक भेटणार. मला वाटत होतं आता हा किंचाळेल, उड्या मारेल, धाकट्याच्या अंगावर झेपावेल आणि खुर्ची उलटेल. मी आधी त्याच्या चाकांच्या खुर्चीला ब्रेक लावून घेतला. खरं सांगायचं तर घशात आवंढाही आणून ठेवला होता. आणि परत जाताना हा माझ्याबरोबर येईल का, ह्या विचारानं रात्री झोप नीट लागली नव्हती.

धाकटा झाडाखाली खुर्चीत होता. नवा सदरा, केस ओले करून बसवलेले. तांब्या गेला. एक बूट हुंगला, दुसरा हुंगला, काठीचं टोक हुंगलं. मग वळला आणि दोघांकडे पाठ करून गवतात बसला.

मला इतका राग आला! "मेल्या, ओळख नाही का? त्यानं तुला सहा वर्षं पोसलं!" धाकट्याला म्हटलं, "तू हाक मार. तुझ्या हाकेला येईल."

त्यानं ओठ जुळवले. "तां... ब्या." सरळ, स्पष्ट. तांब्याचा एक कान मागे झाला. बस, तेवढंच.

"पुन्हा मार."

धाकटा हसायला लागला. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, वाकडा, घरघरणारा. आजार झाल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता डोळे पुसत म्हणाला, "कधीच... नाही. सहा वर्षं. कधीच नाही... आला."

"म्हणजे? तुझ्याकडेही असाच?"

"असाच."

"मांडीवर बसायचा नाही?"

त्यानं भुवया अशा वर केल्या, जणू मी विचारलं की लिफ्ट उडते का.

"हात लावू द्यायचा?"

"रविवार," तो म्हणाला, आणि परत हसायला लागला.

चार महिने! चार महिने मी समजत होते की माझ्यातच काही नाही. मी तोंड उघडलं ते ओरडायला, पण निघालं हसू. दोघं हसत बसलो. बाकावरच्या आजी आमच्याकडे बघायला लागल्या. तांब्यानं एकदा वळून पाहिलं, कसला गोंधळ आहे म्हणून, आणि परत मान फिरवली.

मी म्हटलं, त्या गाडीवाल्या गृहस्थांना मी नाही म्हणून सांगितलं. धाकटा म्हणाला, "बरं." एवढंच. त्याला बोलायचे कष्ट पडतात, आणि मला बोलायचं असं काही नव्हतं. आम्ही लहानपणीही फार बोलायचो नाही. माझ्या चपला पायात रुतत होत्या म्हणून काढल्या आणि पाय गवतात ठेवले. थोड्या वेळानं बघते तर त्यानंही डाव्या पायानं उजवा बूट ढकलायचा खटाटोप चालवलेला. मी वाकून दोन्ही काढले. त्याचे पाय अगदी माझ्यासारखे आहेत, अंगठ्याशेजारचं बोट लांब.

मेणवाली पाच वाजता न्यायला आली. फाटकातून हात केला. तांब्याचा पट्टा हलवला तर त्यानं चारही पाय रोवले, तोंड फुगवलं. मी तिला म्हटलं, हा उठत नाहीये, तू हो पुढे, आम्ही चालत येऊ. ती म्हणाली, "अगं, दोन तासांची वाट आहे!" मी म्हटलं, असू दे.

धाकट्याचा डोळा लागला होता. ऊन झाडामागे गेलं. मी बसून राहिले. आणखीही बसले असते, पण साडेसहाला तांब्याला कंटाळा आला आणि तो उठला.